लपवलेली पोटरी

२१ ऑगस्ट १९९६, बुधवार

ह्यांच्या बँकेतून दरवर्षी डायरी येते आणि दरवर्षी मी तिच्यात चार लोणच्यांच्या कृती उतरवून ती कपाटात टाकते. आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट कुणालाही सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काल आमच्या सुनेची, देवश्रीची, पहिली मंगळागौर झाली. मंदारचं लग्न मे महिन्यात झालं. पहिली मंगळागौर खरं तर माहेरी करतात, पण तिचं माहेर जबलपूरला, तिथे मराठी घरं मोजकी, पूजेला सोबत बसायला वशेळ्या कुठून आणायच्या? म्हणून मीच हौसेने म्हटलं, उज्जैनला करू. हौस मोठी वाईट. पहाटे चारला उठले, सव्वाशे पुरणपोळ्या केल्या, दुपारी तीनपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही, मग भरपेट जेवले. आणि आरती झाल्याबरोबर पदर खोचून अनवाणी अंगणातल्या फरशीवर. वर्षभर शाळेत खुर्चीवर बसून मुलींकडून संस्कृतचे शब्द घोकून घेते आणि श्रावणातल्या एका मंगळवारी बावन्नाची बावीस होते!

माझी फुगडी आमच्या कॉलनीत, नानाखेड्यात, प्रसिद्ध आहे. बसफुगडीतून उठून मी उभी फुगडी धरली. तिसऱ्या गिरकीला डाव्या पोटरीवर मागून कुणीतरी खाडकन लाटणं मारलं. वळून बघते तर शेजारची जयू.

"काय गं, लाथ कशाला मारलीस?"

"मी? अगो, मैं तो पानी पी रही थी!" तिच्या हातात तांब्या होता खरा, पण जयूचा काही भरवसा नाही.

पाय टेकवेना. चक्कर आल्याचं सोंग करून मी खाली बसले. समोर खुर्चीत दुर्गावहिनी, माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचे डोळे माझ्यावर. मग काय, उठले. एका पायावर दोन झिम्मे खेळले आणि हसत खेळले.

का, ते इथे लिहून ठेवते. एकोणतीस वर्षांपूर्वी मी ह्या घरात आले आणि आठव्या दिवशी मामंजी रामघाटावर घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. घाटावर शेवाळ होतं. पण दुर्गावहिनींनी सगळ्यांदेखत म्हटलं, "पांढऱ्या पायाची आली." मामंजी पुढे चौदा वर्षं जगले, काठी टेकत रोज देवळात गेले, पण तो शब्द माझ्या कपाळावरून पुसला गेला नाही. अजूनही कुणाच्या घरी पहिलं पाऊल टाकायचं असलं की वहिनी म्हणतात, "प्रतिभाला मागून येऊ दे."

सून आली आणि तिच्या पहिल्याच मंगळागौरीला सासू लंगडी झाली, एवढं कळलं की पुरे. देवश्रीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही. पोटरी माझी आहे. मी लपवीन.

२२ ऑगस्ट

पोटरी सुजून टणक झाली आहे. घोट्याकडे निळसर डाग उतरला आहे. मोरीचं दार लावून गरम तिळाचं तेल खसाखसा चोळलं, वरून कढत पाण्याचा शेक. डोळ्यांत पाणी आलं. तासाभरात सूज दुप्पट.

शाळेत जाताना टेम्पोत चढायला उजवा पाय आधी टाकला. ह्यांनी विचारलं, "लंगडतेस का?" म्हटलं, चप्पल चावते. बँकेत आता कॉम्प्युटर येणार म्हणून हे सध्या इतके धास्तावलेले आहेत की मी हातांवर चालले असते तरी चप्पल चावते हे त्यांना पटलं असतं.

आमच्या सूनबाईंनी स्वयंपाकघरात ओट्याशी उंच स्टूल आणून ठेवलंय. आजकालच्या मुलींना उभ्याने पोळ्या होत नाहीत! पण ती काही त्यावर बसली नाही. रिकामं दिसलं म्हणून मीच बसले.

२४ ऑगस्ट

देवश्रीचा घोटा मुरगळलाय म्हणे. संध्याकाळी फ्रिजमधला बर्फ फोडून भैरवगढच्या छापाच्या दोन रुमालांत बांधून आणला. एक स्वतःच्या पायावर ठेवला, दुसरा माझ्या शेजारी बाकावर. म्हणाली, "आई, हा थोडा वेळ इथेच राहू दे, मी अभी आते." आणि गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. मी तेवढ्यात गुपचूप पोटरीवर धरला. इतकं बरं वाटलं की काय सांगू. परत येताना तिची पावलं वाजली आणि मी रुमाल जागेवर ठेवला. काही कळलं नाही तिला.

मुलगी गुणी आहे, पण विसरभोळी आहे. काल मुरगळलेला घोटा डावा होता, आज उजव्याला बर्फ लावत होती.

२६ ऑगस्ट, सोमवार

महाकालाची सवारी, सोमवारची देवाची पालखी. इथल्या लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे आम्हाला दोन्हीकडचे सोमवार मिळतात आणि एकोणतीस वर्षांत मी एकही वर्ष चुकवलेलं नाही. आज निघणार, तर देवश्री म्हणाली, "मला भीड़ में घबराहट होती है आई. घरी एकटीला पण नाही करमणार. थांबा ना."

जबलपूरला काय गर्दी नसते? थांबले. टीव्हीवर केबलवाल्याने सवारी दाखवली ती लोडाला टेकून, पाय उशीवर ठेवून बघितली. उशी तिनेच दिली. देवाला असं पाय पसरून बघायचं म्हणजे! दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. सारखं उठावंसं वाटत होतं आणि उठलं की ती विचारायची, "काय हवंय, मी देते."

२९ ऑगस्ट

आज मोठं संकट, तेही कागदाच्या रूपात.

देवश्रीने इंदूरला फिजिओथेरपीचा कोर्स केलाय. माधव नगरात एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू करायचं तिच्या मनात आहे. वहिनी परवा म्हणाल्याच, "म्हणजे मालिशवालीच ना? आपल्या घरातली सून लोकांचे पाय चेपणार?" मी तेव्हा गप्प बसले, कारण मलाही नीट माहीत नव्हतं.

तर दवाखान्यात ठेवायला तिने एक पत्रक लिहिलंय, हिंदीत आणि मराठीत. मराठी मला तपासायला दिलं. "तुम्ही टीचर आहात आई, मेरी मराठी तो आधी हिंदी है. मोठ्याने वाचाल? म्हणजे मला ऐकायला येईल कुठे खटकतं." मी चष्मा लावून, लाल पेन घेऊन ऐटीत बसले.

स्नायू आणि हाड यांना जोडणारी दोरी, तिला तिने 'नस' लिहिलं होतं. मी म्हटलं, नस नव्हे, कंडरा. चांगला संस्कृत शब्द आहे. तिने लगेच वहीत टिपून घेतला. पुढे दुखापतीची कारणं होती. अंग गरम न करता एकदम जोर करणं. वर्षभर बैठं काम आणि एके दिवशी अचानक उड्या. दिवसभर उभं राहून थकलेल्या पायांवर खेळणं. कडक फरशीवर अनवाणी नाचणं. चाळिशीनंतर स्नायू ताठर होतात हे विसरणं.

मी वाचत होते आणि माझ्याच आवाजात माझाच मंगळवार ऐकत होते. सव्वाशे पोळ्या तेवढ्या लिहायच्या राहिल्या होत्या.

मग हे आलं: "पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा मागून कुणीतरी मारल्यासारखं वाटतं. वळून बघावं तर कुणी नसतं." मी थांबले. पाणी प्यायले. जयू बिचारी! आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही, काल तिने पाठवलेल्या नारळीभाताला नावं ठेवली.

"चूक आहे का काही?" देवश्री माझ्याकडेच बघत होती.

"'फाटतो' नको. लोक घाबरतात. 'दुखावतो' लिही," मी म्हटलं.

"पण फाटतोच ना आई."

"तरी दुखावतो लिही."

शेवटी लिहिलं होतं की पहिले दोन-तीन दिवस शेकू नये, चोळू नये, आणि बरं होण्याआधी पुन्हा तोच खेळ खेळू नये, नाहीतर दुसऱ्या वेळेला जास्त फाटतं. त्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. मी म्हटलं, पत्रकात इतक्या रेघा बऱ्या दिसत नाहीत.

१ सप्टेंबर, रविवार

दहा तारखेला शेवटचा मंगळवार, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा. नानाखेड्याच्या गटाची प्रमुख मी. आज तालीम. खुर्चीत बसून टाळ्या देत सगळ्यांना नाचवलं. जयू म्हणाली, "तू का नाही उठत? गुरू झाली काय?"

"मी ताकद राखून ठेवते आहे," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. पण किती दिवस हसतील? मी खेळले नाही तर पहिला प्रश्न, का? दुसरा, कधीपासून? तारीख सांगितली की वहिनींचं काम झालं. खेळावंच लागणार.

घरी येऊन दार लावून एक गिरकी घेऊन बघितली. मध्येच पोटरीत कळ आली आणि पलंगाची कड धरून उभी राहिले. नऊ दिवस आहेत. बसवत नाही, उभं राहवत नाही. शाळेत आज सातवीच्या मुलींवर विनाकारण ओरडले, मग रविवार आहे आणि शाळा काल होती हे आठवलं. म्हणजे कालच्या ओरडण्याचा पश्चात्ताप मला आज होतोय. डोकंही फिरत चाललंय की काय!

४ सप्टेंबर

पाय बरा आहे. सूज उतरली, डाग पिवळा पडला. देवश्रीने मला चप्पल आणली, टाचेला जरा उंच. म्हणे राखीला भावाने दिलेल्या ओवाळणीतून घेतली. नव्या चपलेने बरंच हलकं वाटतं, महाग असणार.

संध्याकाळी म्हणाली, "आई, मला हात बसवायचा आहे, माझी पेशंट व्हाल? झूठमूठ." मंदार पीथमपूरच्या कारखान्यात, शनिवारशिवाय घरी येत नाही, मग मीच सापडणार. पालथी झोपले. तिने आधी उजवी पोटरी दाबली. मग डावी, अगदी हलक्या बोटांनी, आणि नेमक्या जागेवर थांबली. मी ओठ चावला.

"दुखतं?"

"छे! गुदगुल्या होतात."

बराच वेळ तिचा हात तसाच राहिला. मग मला बसून टॉवेलने पाऊल आपल्याकडे ओढायला शिकवलं, हळूहळू, दुखण्याच्या अलीकडे थांबून. "रोज करा हां, झूठमूठ," म्हणाली.

उठताना एकदम बोलली, "आई, माझ्याबद्दल तुमच्या मनात काही असेल तर मला सांगाल ना? मी वाईट नाही वाटून घेणार."

दवाखान्याचं विचारत होती, दुसरं काय. मी म्हटलं, "माझी काही ना नाही गं. कर सुरू." वाटलं होतं आनंदेल. तिने नुसतं बरं म्हटलं आणि टॉवेल घडी करत बसली. एकाच टॉवेलची चार वेळा घडी केली. जबलपूरची आठवण येत असेल.

८ सप्टेंबर, रविवार

आज दोन फुगड्या खेळले. उभी जमली. बसफुगडीत उडी मारताना पोटरीत धागा ओढल्यासारखं झालं, पण थांबले नाही. देवश्री तालमीला आली होती, भिंतीशी उभी होती. मंदारने जेवताना तिला काहीतरी विचारलं तर ताटावरून उठून गेली.

मलाच वाटलं, पहिली मंगळागौर तिची आणि मिरवते सासू, म्हणून रुसली असेल. असू दे. परवा एकदा झालं की मी सुटले.

१० सप्टेंबर, मंगळवार

सुटले नाही.

हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही तयार होत होतो. नऊवारी, नथी, गजरे. वहिनी बक्षिसं द्यायला बोलावलेल्या, त्याही तिथेच खुर्चीवर. आमच्या गटाचं नाव पुकारलं आणि मी पदर खोचला. तेवढ्यात देवश्री दारात येऊन उभी राहिली. आडवी.

"आई खेळणार नाहीत."

मी हसून म्हटलं, "हिला स्टेजची भीती वाटते, माझ्याही वाटची." जयूही हसली.

"हंसो मत, जयू मावशी. इनकी पिंडली फटी हुई है." चिडली की ती पुरती हिंदीत जाते. "बीस दिन से फटी है. आज बसफुगडीत कंडरा तुटली तर ऑपरेशन लागेल. मी नाही जाऊ देणार."

वीस दिवस. वहिनींनी बोटांवर मोजायलासुद्धा घेतलं नाही. "म्हणजे तुझ्या मंगळागौरीलाच?"

मी म्हणणार होते, नाही, नंतर, शाळेत, टेम्पोत. तोंड उघडलंही होतं. पण देवश्रीच आधी बोलली.

"हो, मोठ्या काकू. माझ्याच मंगळागौरीला. माझ्या पायाला जे म्हणायचं ते म्हणा. त्यांना त्यांच्या पायावर चालू दे."

बाहेर पुन्हा नाव पुकारलं. जयूने माझ्या हातातले टाळ घेतले आणि बाकीच्यांना घेऊन स्टेजवर गेली. मी गजरा काढला.

रिक्षात आम्ही दोघी. फ्रीगंजचा पूल येईपर्यंत मी धुमसत होते. मग म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही झिम्मा एका पायावर खेळला."

"आणि बर्फ? घोटा?"

"मेरे को क्या हुआ था आई? कुछ नहीं."

स्टूल, उशी, चप्पल, सवारी. एकेक आठवत गेलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडणारी मी!

"मग सरळ विचारलं का नाहीस?"

ती रस्त्याकडे बघत होती. "मोठ्या काकू पांढऱ्या पायाचं बोलतात ते मंदारने मला लग्नाआधीच सांगितलं होतं, तुमच्याबद्दल. मग तुमचा पाय गेला आणि तुम्ही सगळ्यांत जास्त माझ्यापासूनच लपवत होता. मैं तो यही काम सीखी हूँ, तरी मला नाही सांगितलं. मला वाटलं, तुमच्याही मनात तेच आलंय. माझ्या पायाचं. फक्त तुम्ही चांगल्या आहात म्हणून बोलत नाही."

वीस दिवस. ही पोर असं मनात घेऊन माझ्यासाठी बर्फ फोडत होती.

मी तिला जवळ ओढलं आणि रडले, रिक्षावाल्यासमोर, गजऱ्याशिवाय, नथ घालून. सांगितलं तिला सगळं, का लपवलं ते. तिला वाचवायला गेले आणि तोच दगड रोज तिच्या छातीवर ठेवत राहिले. मला कुणी असं लपवून वाचवलं असतं तर मलाही हेच वाटलं असतं, हे कळायला बावन्न वर्षं कमी पडली.

जयूच्या गटाला दुसरं बक्षीस मिळालं. निरोप आला आत्ता.

११ सप्टेंबर

आज रजा टाकली. देवश्रीने पोटरीला क्रेपचं पांढरं बँडेज बांधलं आणि म्हणाली, आत पलंगावर पडा. मी म्हटलं, नाही, बाहेर. व्हरांड्यातल्या बाकावर बसले, पाय समोर खुर्चीवर, साडी घोट्याच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. दूधवाल्याने विचारलं, कॉलनीतल्या बायकांनी विचारलं. प्रत्येकीला सांगितलं: उपाशीपोटी सव्वाशे पोळ्या लाटल्या, मग पोटभर जेवून थंड अंगाने फरशीवर उड्या मारल्या, म्हणून. आणि वर तेल चोळून वाढवलं, तो शहाणपणाही माझाच. दुपारपर्यंत सात जणींना सांगून झालं. बसून राहण्याचा मला इतका कंटाळा येतो, पण आज आला नाही.

चारला दुर्गावहिनी आल्या. मी त्यांचीच वाट बघत होते. पायाकडे बघितलं, उभ्याच राहिल्या.

"मी काही बोलले नाही हं काल," त्या म्हणाल्या.

"बोलला नाहीत, पण विचारलंत. वहिनी, मामंजी शेवाळावरून पडले होते. एकोणतीस वर्षं मी ऐकून घेतलं, आणि का घेतलं ते मलाच ठाऊक नाही. पण हिच्याबद्दल ह्या घरात किंवा तुमच्या घरात तो शब्द निघाला, तर मी तुमच्या उंबऱ्यावर येऊन सगळ्यांदेखत भांडेन. एका पायावर येईन."

माझा आवाज चढला होता. आत भांडी वाजायची थांबली, म्हणजे देवश्री ऐकत होती. मला वाटलं, वहिनी आता पदर झटकून जाणार. त्या गेल्या नाहीत. खांबाला हात लावून उभ्या राहिल्या, साठीच्या बाईचे पाय थकतात तशा.

"तू यायच्या आधी मलाच म्हणायचे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पांढऱ्या पायाची. माझं लग्न झालं त्या महिन्यात ह्यांची ग्वाल्हेरची नोकरी सुटली. सहा वर्षं सासूबाईंनी मला कुणाच्या डोहाळजेवणाला नेलं नाही." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मग तू आलीस, मामंजी पडले आणि मी सुटले. मी मुद्दाम सगळ्यांदेखत म्हटलं, प्रतिभा. म्हणजे पक्कं होईल. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती."

मला खूप राग आला. आणि रागाच्या मागोमाग सहा वर्षं डोहाळजेवणाच्या दिवशी घरी बसणारी, विशीतली दुर्गा दिसली.

मी खुर्चीवरचा पाय खाली घेतला, थोडी सरकले आणि त्यांना बाकावर जागा दिली.